एफपीएस: आधी कथा, आधी मल्टिप्लेअर, की दोन्ही एकदम?

मोकळी_मॅगझिन

एफपीएस, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा गोळीबाराचा गेम, बनवतोय. टीम पाच जणांची: दोन प्रोग्रामर, एक लेव्हल डिझायनर, एक आर्टिस्ट आणि आवाज-लेखन सांभाळणारा एक. मुदत दीड वर्ष, गेम बनवण्याचं इंजिन अनरील. ग्रेबॉक्समध्ये (आर्ट चढवण्याआधीच्या साध्या ठोकळ्यांच्या मॅपमध्ये) चालणं, धावणं, तीन बंदुका आणि एक शत्रू एवढं झालंय. आता फाटा आलाय: चार-पाच तासांचं कथेचं कॅम्पेन करायचं की ५ विरुद्ध ५ चा ऑनलाइन गेम?

नेमके प्रश्न तीन. कॅम्पेन आधी पूर्ण करून मल्टिप्लेअर नंतरच्या अपडेटमध्ये जोडता येईल का? कॅम्पेनचे मॅप आणि बंदुकांचे आकडे दोन्हीकडे वापरून थोडं तरी काम वाचतं का? आणि कटसीन, चेहऱ्यांचं अ‍ॅनिमेशन हे परवडणारं नसेल तर कथा सांगायची कशी, जेणेकरून खेळाडू ती मागे टाकून सरळ पुढे पळणार नाही?

"दोन्ही करा" म्हणणाऱ्यांनी कृपया पाच माणसांत कामंही वाटून दाखवावीत.

---

टिकरेट

पहिल्याचं उत्तर: नाही. मॅप नंतर वाढवता येतात, कथासुद्धा नंतर घालता येते. नेटकोड (खेळाडूंना ऑनलाइन जोडणारा कोड) मात्र पायात असावा लागतो, तो गच्चीवर बांधता येत नाही.

एकट्याच्या गेममध्ये बटण दाबलं की त्याच फ्रेममध्ये ट्रेस (गोळीची रेघ) जातो, शत्रूला लागतो, हेल्थ कमी होते. विषय संपला. ऑनलाइनमध्ये खरी परिस्थिती फक्त सर्व्हरला माहीत असते आणि प्रत्येकाच्या पडद्यावर तिची थोडी शिळी प्रत असते. हिशेब मांडून बघा. सर्व्हर सेकंदाला ३० टिकचा, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी एक स्नॅपशॉट (सगळ्यांच्या स्थितीची प्रत). बाकीचे खेळाडू झटके न खाता सरकताना दिसावेत म्हणून क्लायंट (खेळाडूच्या मशीनवरचा गेम) दोन स्नॅपशॉट मागे राहतो. तिथेच ६६ गेले. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) ८० असेल तर स्नॅपशॉट यायला ४० आणि तुमची गोळी सर्व्हरपर्यंत पोचायला ४०. एकूण १४६ मिलिसेकंद. तुम्ही ज्या डोक्यावर नेम धरला ते डोकं तेवढा वेळ आधी तिथे होतं. म्हणून सर्व्हरने १४६ मिलिसेकंद मागे जायचं, सगळ्यांचे हिटबॉक्स (गोळी लागली का ते तपासायचे अदृश्य ठोकळे) जुन्या जागी ठेवायचे आणि मग गोळी तपासायची. याला लॅग कॉम्पेन्सेशन म्हणतात.

सेकंदाला ६ मीटर पळणारा गडी तेवढ्यात ८८ सेंटिमीटर सरकलेला असतो. मरणाऱ्याच्या पडद्यावरून बघितलं तर त्याच्या स्वतःच्या पिंगचेही ८० त्यात मिळवा: २२६ मिलिसेकंद, सुमारे १.३५ मीटर. "भिंतीआड गेल्यावर मेलो" ही तक्रार इथून येते, आणि ती खोटी नसते.

आता कॅम्पेनसाठी लिहिलेल्या कोडवर हे बसवायला गेलात की काय मोडतं ते सांगतो. स्प्रेडसाठी (गोळ्या विखुरण्यासाठी) क्लायंट आणि सर्व्हर वेगवेगळे रँडम आकडे काढतात, त्यामुळे पडद्यावर रक्त उडतं आणि सर्व्हर म्हणतो नेम चुकला. इलाज एकच, प्रत्येक गोळीचा सीड (ज्यातून रँडम आकडे निघतात तो मूळ आकडा) दोन्हीकडे सारखा पाहिजे. फिजिक्सवर लोळणारं पिंप प्रत्येक मशीनवर वेगळ्या जागी थांबतं, म्हणजे एकाला आडोसा दिसतो आणि दुसऱ्याला उघडा माणूस. लिफ्टमध्ये उभा असलेला खेळाडू थरथरतो. स्लो मोशन आणि पॉज बादच. सगळ्यात छुपी चूक रीलोडची. कॅम्पेनमध्ये "मॅगझिन भरली" हा निरोप बहुतेक जण अ‍ॅनिमेशनच्या एखाद्या फ्रेमवर टांगतात. डेडिकेटेड सर्व्हरला (फक्त सर्व्हर म्हणून चालणाऱ्याला) काही दाखवायचंच नसतं, त्यामुळे बरेचदा तो अ‍ॅनिमेशन नीट चालवतही नाही. परिणाम असा की तुमच्या हातात बंदूक भरलेली आणि सर्व्हरच्या लेखी कायमची रिकामी. असे नियम टायमरवर ठेवा, अ‍ॅनिमेशनला त्या टायमरमागे पळू द्या.

अनरीलच्या कॅरेक्टर मूव्हमेंट कंपोनंटमध्ये हालचालीचं प्रेडिक्शन (सर्व्हरची वाट न बघता आधीच हलवणं) तयार मिळतं, पण बंदुकीसाठीचं रिवाइंड (वर सांगितलेलं मागे जाणं) स्वतः लिहावं लागतं.

निर्णय होत नसेल तर निदान दार उघडं ठेवा. १९९६ च्या क्वेकमध्ये एकटा खेळाडूसुद्धा आपल्याच मशीनवर चालणाऱ्या सर्व्हरला जोडलेला असायचा. तीच रचना करा. पहिल्या दिवसापासून दोन क्लायंट आणि एक वेगळा सर्व्हर चालवून टेस्ट करा. एडिटरमधलं नेटवर्क एम्युलेशन १०० मिलिसेकंद लेटन्सी आणि २ टक्के पॅकेट लॉसवर (वाटेत हरवणाऱ्या संदेशांवर) लावा आणि ते बंद करायची सवय कोणालाच लावू नका. यात प्रोग्रामरांचा बराच वेळ जातो, पण नंतर सगळं उकरण्यापेक्षा कमी.

---

एकटा_शिपाई

टिकरेट यांचं गणित बिनतोड आहे. त्यातून मी काढतो तो निष्कर्ष मात्र वेगळा: दार उघडं ठेवूच नका. पाच माणसांनी कॅम्पेन करावं आणि मल्टिप्लेअरचं नाव काढू नये.

मोठ्यांचीही फार वेगळी गत नाही. बायोशॉक २००७ मध्ये एकट्याचा गेम म्हणून आला आणि कोणाला काही कमी वाटलं नाही. २०१० च्या बायोशॉक २ मध्ये मल्टिप्लेअर घातला तो डिजिटल एक्स्ट्रीम्स या दुसऱ्या स्टुडिओने बनवला. आज त्या गेमबद्दल बोलणारे कॅम्पेनबद्दलच बोलतात. २०१६ च्या डूमचंही तेच झालं. आणि उलटी बाजू बघा. २०१४ च्या टायटनफॉलने कथा ऑनलाइन सामन्यांतच घातली. तुम्ही छपरावरून उड्या मारताय, समोरून टायटन (महाकाय यंत्रमानव) येतोय, आणि कोपऱ्यात कमांडर काहीतरी सांगतोय. सामना जिंका नाहीतर हरा, कथा जवळजवळ तशीच पुढे. २०१६ च्या दुसऱ्या भागात वेगळं कॅम्पेन दिलं, तेव्हा कुठे लोकांना त्या जगातलं एक पात्र लक्षात राहिलं. बीटी नावाचा यंत्रमानव. तोंड नाही, ओठ हलत नाहीत, फक्त एक डोळा. चेहऱ्याचं अ‍ॅनिमेशन परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा.

तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण कामाचं तेच आहे.

हाफ-लाइफने १९९८ मध्ये खेळाडूच्या हातून ताबा न काढता कथा सांगितली. सुरुवातीच्या ट्राममध्येसुद्धा डब्यात फिरता येतं, हवं तिकडे बघता येतं. यातली अडचण अशी की मागे स्फोट होतो तेव्हा खेळाडू भिंतीवरची नोटीस वाचत असतो. म्हणून घटना नेहमी दारातून बाहेर पडताना ठेवा. दार ही फुकटची चौकट आहे. माणूस दारातून बाहेर पडताना सरळ पुढेच बघतो, त्या दोन सेकंदांत समोरचा पूल कोसळू द्या. मोठी घटना असेल तर ती नुसत्या जागेच्या ट्रिगरवर (तिथे पाऊल पडताच घटना सुरू करणाऱ्या खुणेवर) सोडू नका. खेळाडू त्या दिशेने बघेपर्यंत थांबा आणि त्याला सात-आठ सेकंदांची मुदत घाला. मुदत विसरलात तर पाठ करून उभा राहणारा एक खेळाडू कॅम्पेन कायमचं अडकवून ठेवेल. असा एक तरी निघतोच.

गोळीबार चालू असताना कथेचं वाक्य कधीच नको. कान त्या वेळी पावलांकडे असतात. शेवटचा शत्रू पडल्यावर तीन-चार सेकंद शांतता, मग रेडिओ. वाक्यांना प्राधान्यक्रम लावा: कथेचं वाक्य सुरू असताना "ग्रेनेड!" आलं तर ग्रेनेडने वाक्य तोडायचं, आणि लढाई संपल्यावर ते वाक्य अर्ध्यातून नाही, पहिल्यापासून सुरू करायचं. त्यासाठी प्रत्येक वाक्य वेगळ्या फाइलमध्ये, सहा सेकंदांच्या आत ठेवा. दीड मिनिटाची एकच फाइल केलीत तर हे काही जमणार नाही.

ऑडिओ लॉग स्वस्त पडतात म्हणून सगळे वापरतात आणि बहुतेक जण चुकीच्या ठिकाणी ठेवतात. ४० सेकंदांचा लॉग म्हणजे साधारण ९० शब्द. सेकंदाला साडेतीन मीटर चालीने तेवढ्यात १४० मीटर जातात. तेवढी शत्रू नसलेली वाट लॉगच्या पुढे असेल तरच तो तिथे ठेवा. नाहीतर खेळाडू खांबासारखा उभा राहून ऐकतो किंवा पुढच्या खोलीत गोळ्यांच्या आवाजात तो वाया जातो.

आणि शत्रूंना बोलतं करा. २००५ च्या फिअरमधले सैनिक हुशार वाटतात त्याचं निम्मं श्रेय त्यांच्या ओरडण्याला आहे. एक जण बाजूने वळसा घालतो आणि दुसरा ते मोठ्याने सांगतो. न सांगता घातलेला वळसा खेळाडूला "मागून अचानक उगवला" असाच वाटतो.

रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी. लेव्हल लॉक होईपर्यंत टीममधल्याच कोणाच्या तरी रटाळ आवाजात तात्पुरती वाक्यं टाका. खोलीचा क्रम बदलला की "डावीकडच्या जिन्याने जा" हे वाक्य रद्दी होतं.

---

तिसरी_गल्ली

दुसरा प्रश्न अजून कोणी घेतला नाही. मॅप वापरता येत नाहीत. टेक्स्चर, खांब, पत्र्याचे डबे, आवाज हे सगळं येतं, मांडणी येत नाही.

कॅम्पेनचा मॅप एका दिशेचा असतो. आडोसे सगळे शत्रूकडे तोंड करून, मध्येच खाली उडी मारायची जागा, जिथून परत चढता येत नाही, म्हणजे मागचा भाग मेमरीतून सोडून देता येतो. याच मॅपवर दोन टीम सोडल्या तर ज्या टीमला आडोशांची पाठ मिळते ती हरते. ऑनलाइन मॅप वेळेवर बेततात. दोन्ही टीम मधल्या चौकात एकदम पोचायच्या असतील तर ६ मीटर वेगाने ८ सेकंद, म्हणजे दोन्हीकडून ४८ मीटर मोजायचे. बाँब लावायच्या जागी बचाव करणारे दोन-तीन सेकंद आधी पोचले पाहिजेत. त्याहून जास्त मिळाले तर आत शिरणं अशक्य, कमी मिळाले तर राखणं अशक्य. हे ग्रेबॉक्समध्ये घड्याळ लावून पळून बघायचं, आर्ट चढवण्याच्या आधी.

बंदुकांचे आकडेही तेच ठेवू नका. हेल्थ १००, मिनिटाला ६०० गोळ्या, म्हणजे दोन गोळ्यांत ०.१ सेकंद. डॅमेज २४ असेल तर पाच गोळ्या लागतात, पहिली शून्याव्या क्षणी धरून मारायला ०.४ सेकंद. डॅमेज २५ केलं की चारच गोळ्या, ०.३ सेकंद. एका आकड्याने मरण २५ टक्के लवकर आलं. कॅम्पेनमध्ये हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. ऑनलाइनमध्ये दुसऱ्या दिवशी सगळे तीच बंदूक घेऊन फिरतील. उलट कॅम्पेनमध्ये खोटेपणा चालतो, चालवावाच लागतो. बायोशॉकमध्ये शत्रूची पहिली गोळी मुद्दाम चुकवलेली असते, म्हणजे खेळाडूला मान वळवायला वेळ मिळतो. माणसाविरुद्ध असली मेहेरबानी करता येत नाही. दोन वेगळे डेटा टेबल ठेवा, बंदुकीचा कोड एकच.

आता एकटा_शिपाई यांच्या बाजूने एक मुद्दा, जो त्यांनी मांडला नाही: रिकामी लॉबी, म्हणजे खेळायला माणसंच न मिळणं.

५ विरुद्ध ५, सामना २५ मिनिटांचा, रांगेत दोन मिनिटांहून जास्त थांबायला लागू नये एवढीच अपेक्षा. दहा जण दोन मिनिटांत हवेत, म्हणजे मिनिटाला पाच. प्रत्येक खेळाडू ढोबळमानाने २५ मिनिटांनी एकदा रांगेत येतो. तेव्हा एका रांगेसाठी ५ × २५, म्हणजे १२५ जण सतत ऑनलाइन पाहिजेत. आता तीन विभागांचे सर्व्हर, दोन मोड आणि कौशल्याचे तीन गट केलेत की रांगा झाल्या १८. गरज २,२५०. आणि ही गरज पहाटेच्या ओहोटीची. त्या वेळी गर्दी एक-तृतीयांश राहते असं धरलं तर संध्याकाळी ६,७५० हवेत. सगळ्या रांगा सारख्या भरतात असं मी धरलंय, तसं कधी होत नाही.

आता आकडे बदला. ३ विरुद्ध ३, सामना आठ मिनिटांचा, मोड एकच, कौशल्याचे गट नाहीत. सहा जण दोन मिनिटांत, मिनिटाला तीन, गुणिले आठ: एका रांगेला २४. तीन विभागांना ७२. ऑनलाइन करायचाच असेल तर ५ विरुद्ध ५ हा आकडा आधी खोडा.

---

मोकळी_मॅगझिन

२,२५० वरून ७२ हे बघून डोळे उघडले. ५ विरुद्ध ५ खोडलं.

मग मधला मार्ग: दोघांचं को-ऑप (एकाच बाजूने मिळून खेळायचं) कॅम्पेन? मित्राला बोलावून खेळायचं, म्हणजे मॅचमेकिंग (अनोळखी खेळाडू जुळवणं) नको, फसवणुकीची चिंता नाही, आणि कथाही राहते. टिकरेट म्हणतात तसा लिसन सर्व्हर (एका खेळाडूच्याच मशीनवर चालणारा) ठेवला तर सर्व्हरचं भाडंही नाही.

---

करडा_खोका

मधला मार्ग म्हणून को-ऑपकडे बघू नका, तो तिसराच रस्ता आहे. नेटकोडचा बराच भार येतो, आणि वर कथेच्या प्रत्येक ट्रिगरला दुसरा माणूस चिकटतो.

नेहमी अडणाऱ्या जागा सांगतो. एक जण दारापाशी पोचला, ट्रिगर लागला, मागचा भाग मेमरीतून गेला, आणि दुसरा अजून त्याच भागात दारूगोळा शोधतोय. तो जगाच्या बाहेर खाली पडत राहतो. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी "दोघं आल्याशिवाय उघडत नाही" असं दार हवं, शिवाय एक जण मुद्दाम येत नसेल तर ३० सेकंदांनी त्याला ओढून आणायची सोय. शत्रू उगवण्याची जागा एकाला दिसत नसेल पण दुसऱ्याला दिसते. तेव्हा उगवण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांतून तपासा आणि राखीव जागा किमान तीन ठेवा. शत्रूने लक्ष्य दर फ्रेमला बदललं तर तो दोघांच्या मध्ये भोवऱ्यासारखा फिरतो. लक्ष्य बदलल्यावर निदान दोन सेकंद तेच धरून ठेवा, फार जवळून मार बसला तरच तोडा. एकटा_शिपाई यांची "बघेपर्यंत थांबा" ही युक्ती दोघांना लावली तर कोणी बघेपर्यंत? माझं उत्तर: जो पुढे आहे तो. दुसऱ्याला आवाज आणि जमिनीची थरथर पुरे.

आणि बडबड. दोन मित्र हेडफोनवर बोलत असतात, तुमचा रेडिओ कोणी ऐकणार नाही. लेफ्ट फॉर डेड या को-ऑप गेमने २००८ मध्ये हे ओळखलं होतं. लांबलचक संवादांऐवजी सेफ रूमच्या भिंतीवर खरडलेली वाक्यं. थांबून वाचायची तर वाचा, कोणाचं काही अडत नाही. शत्रू किती आणि कधी सोडायचे ते डायरेक्टर नावाची यंत्रणा खेळाडूंवरचा ताण मोजून ठरवते, त्यामुळे तोच मॅप पुन्हा खेळता येतो. पाच तासांच्या ताणलेल्या कथेपेक्षा ४०-४० मिनिटांचे चार मॅप, हा को-ऑपचा नैसर्गिक आकार आहे.

अवांतर: को-ऑपमध्ये फसवणुकीची चिंता नाही हे खरं, पण स्पर्धेच्या गेममध्ये भिंतीपलीकडचा शत्रू दिसत नसेल तर सर्व्हरने त्याची जागा क्लायंटला पाठवूच नये, हे पहिल्या आठवड्यात ठरवावं लागतं. व्हॅलोरंट या गेमने याचं नाव फॉग ऑफ वॉर ठेवलंय.

---

एकटा_शिपाई

धागाकर्त्यांनी कामं वाटून मागितली होती, म्हणून वाटून बघितली.

स्पर्धेचा ऑनलाइन गेम: दोन्ही प्रोग्रामर नेटकोड, फसवणूक आणि सर्व्हर यांत, म्हणजे मेनू, सेटिंग्ज, आवाजाचं मिक्सिंग जोडायला माणूस नाही. लेखक रिकामा बसतो.

को-ऑप: एक प्रोग्रामर कायम नेटवर्कवर, दुसरा शत्रूंवर. लेव्हल डिझायनरला प्रत्येक खोली दोन माणसांनी टेस्ट करावी लागते, म्हणजे कोणीतरी सतत त्याच्यासोबत अडकलेला.

एकट्याचं कॅम्पेन: एक प्रोग्रामर बंदुका आणि शत्रूंवर, दुसरा ट्रिगर, सेव्ह आणि बाकी सगळ्यावर. डिझायनर आणि लेखक एकाच टेबलावर. पाचही जण कामाला लागतात, आणि टेस्ट करायला एक माणूस पुरतो.

सेव्हबद्दल एक इशारा. लढाईच्या मध्ये चेकपॉइंट (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा) ठेवू नका. पाच हेल्थ, दोन गोळ्या आणि समोरून येणारा ग्रेनेड अशा अवस्थेत सेव्ह झालं तर खेळाडूला मागचा भाग पुन्हा खेळावा लागतो. चेकपॉइंट फक्त सगळे शत्रू मेल्यावर, आणि लोड करताना हेल्थ किमान ५० पर्यंत व गोळ्या एका मॅगझिनपर्यंत वर आणा.

---

टिकरेट

वाटणी पटली. एकच दुरुस्ती: कॅम्पेन ठरलं तरी हेल्थ, दरवाजे आणि गोळ्यांचा हिशेब खेळाडूच्या कॅमेऱ्याशी किंवा पडद्यावरच्या आकड्यांशी बांधू नका, वेगळ्या थरात ठेवा. मल्टिप्लेअरसाठी म्हणत नाही. सेव्ह फाइलमध्ये हाच थर उतरवायचा असतो, तो स्वच्छ असेल तर निम्मे सेव्हचे बग जन्मालाच येत नाहीत.

---

मोकळी_मॅगझिन

कॅम्पेन. एकट्याचं. आधी एकच खोली पूर्ण करतो: एक दार, बाहेर पडताना एक घटना, तीन शत्रू, मग तीन सेकंद शांतता आणि एक रेडिओचं वाक्य. टीमबाहेरच्या दहा जणांना खेळायला देऊन किती जणांनी घटना बघितली ते मोजणार. दहापैकी किती आले तर दाराची जागा बरोबर समजायची?

---

एकटा_शिपाई

नऊ. आठ आले तर दार अर्धा मीटर अरुंद करा आणि घटनेचा आवाज ती दिसायच्या अर्धा सेकंद आधी सुरू करा. सहा-सात असतील तर दार सोडा, घटनाच चुकीच्या बाजूला आहे. आणि खेळणाऱ्यांना "काही दिसलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. स्क्रीन रेकॉर्ड करून स्वतः बघा.